पुसलेलं टेबल

४ फेब्रुवारी

प्रिय शेपूट,

अत्यंत खेदपूर्वक आणि पूर्ण शुद्धीत असताना तुझ्याविरुद्ध पुढील तक्रार नोंदवत आहे. चौदा महिन्यांपूर्वी हे घर आणि ही कंपनी एकाच आठवड्यात सोडताना तू माझा चिमटा घेऊन गेलीस. साधा चिमटा नव्हे. ज्याचं एक टोक किंचित वाकलेलं होतं आणि त्या एका दोषामुळे जो सर्वगुणसंपन्न होता, तो. त्याच्या जागी कंपनीने दिलेला नवा चिमटा इतका सरळमार्गी आहे की नखाएवढी चिप उचलायला गेलं की ती टुणकन उडते आणि मी पन्नाशीच्या गुडघ्यांवर टेबलाखाली रांगतो. मोजमाप विभागाच्या प्रमुखाला हे शोभत नाही. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे हसायलाही कोणी नसतं, हे आणखी वाईट.

फोन तू उचलत नाहीस. ईमेलला उत्तर म्हणून तुझा संगणक मला नम्रपणे कळवतो की तू रजेवर आहेस, चौदा महिने. पत्रं मात्र परत येत नाहीत, म्हणजे निदान केराच्या टोपलीपर्यंत तरी पोचत असावीत. तेवढा वाचकवर्ग मला पुरतो.

बाबा बरे आहेत. एकोणऐंशीव्या वर्षी शेजारच्या आजोबांना रोज सकाळी व्याकरणातले संधी शिकवतात. आजोबांना ऐकू येत नाही, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं आहे. परवा मला म्हणाले, “तिला लिहितोस का?” म्हटलं, लिहितो. “उत्तर येतं का?” म्हटलं, येईल. “भविष्यकाळ तुला लहानपणापासून चांगला जमायचा,” म्हणाले, आणि गेले फिरायला.

कंपनीची भरभराट आहे. आपल्या चिपा बसवलेले औषधाचे पंप आता बाराएक रुग्णालयांत गेलेत. माहितीपुस्तिकेसाठी सामान्य माणसाला कळेल असं काहीतरी लिहून द्या, असं संचालकबाईंनी मला फर्मावलं. माझ्या लेखनात सामान्य माणसाला न कळण्यासारखं काही नसतं, असा त्यांचा समज आहे. खाली देतो. चुका काढ, तुला आवडतात.

“एका चिपेत सोळा छोटे मेंदू असतात. त्यांना एकमेकांशी बोलायला तारा लागतात. तारा वाढल्या की गर्दी होते, गर्दी झाली की चिप तापते. म्हणून आम्ही तारांच्या जागी कार्बनच्या नळ्या उभ्या केल्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. प्रत्येक नळी म्हणजे एक अँटेना. एक मेंदू बोलतो, दुसरा बिनतारी ऐकतो. आमच्या पंपात अशा दोन चिपा आहेत. पहिली शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडते, दुसरी पहिलीवर नजर ठेवते. दोघींचा हिशोब जुळला नाही तर पंप थांबतो आणि ओरडतो. प्रत्येक चिपेचं बोलणं तिच्या आतच राहतं. घरातलं घरात.”

शेवटचे दोन शब्द बाईंना फार आवडले. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेतलेत.

एका रुग्णालयाने दोन पंप परत पाठवलेत. औषधाची पिशवी वेळेआधी तासभर रिकामी झाली म्हणे. पंप ओरडला नाही. दोन्ही चिपांचा हिशोब शेवटपर्यंत जुळत होता. पेशंट दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसला, असं त्यांच्या पत्रात आहे. तोपर्यंत काय करत होता ते पत्रात नाही. नर्सने पिशवी चुकीची लावली असेल, असं आमचं उत्तर गेलं. मसुदा माझाच.

जाताना जिन्यात तू जे एक वाक्य बोललीस त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण ते असो. चिमट्याचं बघ.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

प्रिय शेपूट,

तक्रार मागे घेतो. चिमटा सापडला.

झालं असं, की नव्या चिमट्याने सकाळपासून तिसरी चिप उडवली, आणि मी ठरवलं की तू तो नेला असशील हे गृहीत धरण्याआधी एकदा सगळे खण उपसावेत. इतकी सद्बुद्धी व्हायला मला चौदा महिने लागले. माझ्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण आठवतो का, जो ओढला की अर्ध्यावर अडून बसतो? मी पाय लावून तो उघडला. आत एक ट्रे, ट्रेमध्ये बारा चिपा, आणि चिपांच्या शेजारी आपलं वाकडं टोक घेऊन चिमटा शांत पडलेला. ट्रे मीच तिथे ठेवला होता. कधी, तेही आठवलं. मापनाच्या आठवड्यात, मंगळवारी.

ट्रे उचलला तर खाली, बुडाला चिकटवलेली, तुझी चिठ्ठी.

“दादा, हा ट्रे टेबलावरच असू दे आणि मोज. मग हलव आणि पुन्हा मोज. यापुढे बोलत नाही.”

आता मला एक सांग. चिठ्ठी ट्रेखाली कोण ठेवतं? वर ठेवायची. पण वर ठेवली असती तर मी ती वाचली असती, आणि वाचली असती तर नियमभंग म्हणून वर कळवली असती, हे तुला माहीत होतं. बनवणाऱ्याने मापनाच्या आठवड्यात मोजणाऱ्याशी कामाचं अवाक्षर बोलायचं नाही, हा नियम माझाच. बहीण भट्टीवर नळ्या वाढवते आणि भाऊ त्या पास करतो, असं कोणी म्हणू नये म्हणून केलेला. तू ट्रे मुद्दाम माझ्या डोळ्यांसमोर ठेवलास, म्हणजे एकदा मोजून झाल्यावर मी तो उचलेन, चिठ्ठी पाहीन आणि तेव्हा तरी दोन मिनिटं विचार करेन. मी तो उचलला नाही. सरकवला. टेबलावरून थेट खणात.

त्या आठवड्यात आपण घरी जेवताना फक्त हवामानावर बोलायचो. बाबा एकदा वैतागून म्हणाले होते, “दोघांना वेधशाळेत नोकरी लागली की काय?” तू हसली नव्हतीस. मला वाटलं, भट्टीचं काम दमवतं.

मग बैठक. तू म्हणालीस की एकाच भट्टीत एकाच वेळी वाढलेल्या नळ्या इतक्या सारख्या लांबीच्या निघतात की त्या एकमेकींना बाहेरूनही ऐकतात. एका सुरात लावलेल्या दोन तारांपैकी एक छेडली की दुसरी थरथरते, तसं. म्हणून एका पंपात एकाच घाण्यातल्या दोन चिपा बसवू नका. संचालकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मापनात असं काही दिसत नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “बनवणारी म्हणते बोलतात, मोजणारा म्हणतो नाही. अहो, घरीच मिटवून यायचं ना दोघांनी.” सगळे हसले.

मीही हसलो. ते तू पाहिलंस.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की अहवालाला जोडलेल्या आलेखांत खरोखरच काहीही नव्हतं. हे मी आजही कोणासमोरही म्हणू शकतो.

चिठ्ठीचा मान राखायचा म्हणून काल चार वाजता, सगळे चहाला गेले असताना, परत आलेल्या पंपातली एक चिप घेतली, चालू केली आणि मोजलं. स्वच्छ. मग तुझा ट्रे शेजारी आणून ठेवला, चार बोटांवर, आणि मोजलं. आलेखात उजवीकडे एक बारीक रेष उभी राहिली. ट्रे दूर नेला, रेष गेली. जवळ आणला, आली. मी हे अकरा वेळा केलं. बंद पडलेल्या, वीज नसलेल्या, खणात चौदा महिने पडलेल्या बारा चिपा. आणि शेजारचीने तोंड उघडलं की आतून हुंकार देतात. अंगावर काटा येतो म्हणतात तो कुठून सुरू होतो हे मला आता माहीत आहे. मनगटापासून.

आणि पंपातल्या दोन चिपांमध्ये तर दोनच बोटांचं अंतर आहे.

दादा

१५ फेब्रुवारी

प्रिय शेपूट,

गेल्या पत्रात मी लिहिलं की अहवालाला जोडलेल्या आलेखांत काहीही नव्हतं. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. जोडलेले आलेख पाच होते. काढलेले सात.

पहिल्या दोन आलेखांत ती रेष होती.

मी काय विचार केला ते सांगतो, कारण तो विचार आजही मला वाईट वाटत नाही, आणि हेच त्यातलं वाईट आहे. मला वाटलं, काहीतरी बाहेरचं मध्ये येतंय. टेबलावर पाहिलं तर ट्रे. मापनाच्या वेळी टेबल रिकामं हवं, हा माझा दुसरा नियम. मी ट्रे खणात सरकवला, टेबल पुसलं, तिसऱ्यांदा मोजलं. स्वच्छ. चौथं, पाचवं, सहावं, सातवं, सगळी तशीच गोमटी. मी सुखावलो, शेपूट. पहिले दोन कागद चुरगाळून टाकले. नेटक्या माणसाला नेटका आलेख मिळाला की तो आणखी काही विचारत नाही. रेष कुठून आली हे मला कळलं होतं. ती तिथून का आली हे मी विचारलंच नाही.

जिन्यात तू म्हणालीस, “दादा, तू टेबल पुसून मोजलंस.” अर्थ लागला नाही असं मी लिहिलं होतं. लागला होता. तिसऱ्या पायरीवरच लागला होता.

काल सगळं घेऊन संचालकबाईंकडे गेलो. ट्रे, चिठ्ठी, अकरा नवे आलेख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून माझा जुना अहवाल काढला आणि सहीवर बोट ठेवलं.

“ही कोणाची?”

“माझी.”

“मग तेव्हाच्या तुमच्यावर विश्वास ठेवू की आत्ताच्या?”

म्हटलं, आत्ताच्या. तो वयाने मोठा आहे.

त्या हसल्या नाहीत. “पहिले दोन आलेख कुठे आहेत?”

“फेकले.”

“यंत्रात?”

“नव्वद दिवसांनी यंत्र स्वतःच पुसतं.”

“बरं. हा ट्रे कुठल्या घाण्यातला हे कुठे लिहिलंय?”

“बहिणीच्या वहीत.”

“आणि ती वही?”

“बहिणीकडे.”

“आणि बहीण?”

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवले. म्हणाल्या, “बाराही रुग्णालयांतले सगळे पंप परत मागवा, असं मी एका चिठ्ठीवर सांगू? दोन चिपा एकाच घाण्यातल्या आहेत असे नेमके कुठले पंप, तेवढं मला दाखवा. मी त्याच दिवशी ते थांबवते. नुसतं बहीण म्हणत होती, हे कारण मी तेव्हा ऐकलं नाही, तुमच्याच सांगण्यावरून.”

बाई दुष्ट नाहीत. हे लिहून ठेवतो, कारण त्या दुष्ट असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तर मागणी अशी. कंपनीच्या नोंदीत फक्त तारखा आणि एकूण नग आहेत. कुठल्या घाण्यातली चिप कुठल्या क्रमांकाच्या पंपासाठी दिली, हे फक्त तुझ्या त्या निळ्या वहीत आहे, जिच्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे. ते वर्तुळ माझं, कबूल. वही पाठव. किंवा वहीची पानं. किंवा नुसता फोन कर आणि क्रमांक सांग. हवामानावर एक शब्द बोलणार नाही.

दुसऱ्या चिपेने नजर ठेवायची आहे, आणि ती पहिलीचं बोलणं आपलं समजून होकार भरते आहे. औषध जास्त गेलं तरी दोघींचा हिशोब जुळतो. पंप ओरडणार नाही, कारण भांडण झालं तर तो ओरडतो, आणि त्या दोघी भांडतच नाहीत.

बाबांना काहीही सांगितलेलं नाही. पण माझ्या ताटातलं तसंच राहतं ते त्यांना दिसतं. काल म्हणाले, “अन्न टाकू नये. कर्मणि, कर्तरि, कुठल्याही प्रयोगात.”

दादा

१९ फेब्रुवारी

शेपूट,

बाबा पडले. न्हाणीघराच्या दारात, काल सकाळी. खुब्याचं हाड मोडलं आहे.

मी धावत गेलो तर जमिनीवर आडवे, चष्मा डोळ्यांवर, आणि मला म्हणतात, “पडलो म्हणू नकोस. पतन झालं म्हण, त्यात थोडी प्रतिष्ठा आहे.” मग मी उचलायला गेलो तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता.

शस्त्रक्रिया एकवीस तारखेला सकाळी. डॉक्टर तरुण आहे, हात स्थिर आहेत. हाडांचं दुसरं रुग्णालय चार तासांच्या रस्त्यावर आहे. या अवस्थेत तेवढं हलवलं तर रक्ताची गाठ सरकू शकते, म्हणाला. मी विचारलं, शस्त्रक्रियेनंतर वेदनेचं औषध कसं देणार? तो अभिमानाने म्हणाला, “आमच्याकडे आता नवे पंप आहेत. दोन चिपांचे. जुने सगळे गेल्या महिन्यात काढून टाकले.”

मी त्याला सगळं सांगितलं. सहीसकट सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे नातेवाइकांसाठी राखून ठेवलेले असतात. “कंपनीची काही लेखी सूचना आहे का?” नाही. “मग काका, या वयात हे दुखणं औषधाशिवाय सोसणार नाही. हृदय दगा देईल.” औषध जास्त गेलं तर काय होतं, हे मी विचारलं. श्वास मंदावतो, म्हणाला. पेशंटला गाढ झोप लागल्यासारखी दिसते. घरच्यांना वाटतं, चला, आराम पडला.

तुझ्या नव्या ऑफिसात तीनदा फोन केला. दारावरचा माणूस म्हणतो, मॅडम आत भट्टीवर असतात, आत फोन नेत नाहीत, निरोप देतो. निरोप दिला असता तर तू बाबांसाठी तरी फोन केला असतास. म्हणजे दिला नाही. मी असं धरून चालतो आहे.

वहीचं बघ. आता ती कंपनीसाठी मागत नाही.

दादा

२१ फेब्रुवारी, दुपार

शेपूट,

शस्त्रक्रिया नीट झाली. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचशील.

वॉर्डात सहा खाटा आहेत. बाबा खिडकीशी. डोक्याशी लोखंडी उभी दांडी, तिला औषध मिसळलेली पिशवी, खाली पारदर्शक नळीत थेंब, त्याखाली पंप. पांढरा, गुळगुळीत, कोपऱ्यात आपल्या कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली तुझ्या अडाणी भावाचे दोन शब्द: घरातलं घरात. मी मागे वाकून पाठीवरचा क्रमांक वाचला. शून्य चार एक सात. वहीत बघ. त्यातल्या दोन चिपा एकाच घाण्यातल्या असतील तर वॉर्डात फोन कर. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. वेगवेगळ्या घाण्यांतल्या असतील तर मला मूर्ख म्हणायला फोन कर.

डॉक्टरने माझं एवढं ऐकलं की पिशवी लहान लावली. ती पाच वाजता संपते. मग संध्याकाळच्या पाळीची सिस्टर मोठी लावेल, कारण सारखी लहान पिशवी बदलत बसायला तिच्याकडे माझे एकटेच वडील नाहीत, सहा पेशंट आहेत.

मिनिटाला वीस थेंब ठरले आहेत. मी साडेअकरापासून खुर्चीत बसून ते मोजतो आहे. डाव्या मनगटावर घड्याळ, मांडीवर वही. दर पाच मिनिटांनी एक मिनिट. वीस. वीस. वीस. एकदा एकोणीस, तेव्हा मी शिंकलो होतो.

सिस्टर आल्या. तुझ्याएवढ्याच असतील, पेन केसांत खोचलेलं.

“काका, काय चाललंय?”

“थेंब मोजतोय.”

“ते मशीन मोजतंय की.”

“मशीनला कोण मोजतं?”

“त्यातच दुसरं आहे ना. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं. दोन आहेत, दोघांचं पटलं की हिरवा दिवा.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “तुम्ही जेवलात का? खाली कॅन्टीन आहे. मी बघते त्यांच्याकडे.”

“किती वेळ बघाल?”

“हिरवा दिवा आहे तोवर बघायला काय लागतंय?”

बाबा बाराच्या सुमारास जागे झाले. मला वहीत आकडे लिहिताना पाहून म्हणाले, “कोणाचे मार्क?” म्हटलं, पंपाचे. “पास होतोय का?” म्हटलं, आत्तापर्यंत. मग म्हणाले, “ती येते आहे का?” मी म्हणालो, “येईल.” ते हसले, ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि पुन्हा झोपले. त्यानंतर बोललेले नाहीत. श्वास मी मोजतो. तोही लिहितो, वेगळ्या रकान्यात. बारा वाजता मिनिटाला सोळा होते. दोन वाजता चौदा.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी तेवीस थेंब मोजले.

पंपाच्या पडद्यावर वीस. हिरवा दिवा.

मी घंटा वाजवली. सिस्टर आल्या, पडदा पाहिला, मग माझ्या समाधानासाठी स्वतः घड्याळ धरून उभ्या राहिल्या. आम्ही दोघांनी मोजले. वीस. “काका, डोळा लागला असेल क्षणभर. सकाळपासून बसलाय एका जागी.” म्हटलं, मी तीस वर्षं हेच काम करतो. त्या म्हणाल्या, “म्हणूनच म्हणते, दमला असाल.” त्यांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला, चादर सारखी केली आणि गेल्या. चांगली बाई आहे. आजूबाजूची सगळी माणसं चांगली आहेत आणि सगळे दिवे हिरवे आहेत.

पुढची पाच मापनं वीस आली. श्वास तेरा.

आता तुला एक गोष्ट सांगतो आणि पत्र बंद करतो, कारण साडेतीनला कुरिअरवाला खाली येतो आहे. उद्या सकाळी दहापर्यंत पोचेल म्हणतो. दहापर्यंत काय काय होईल याची यादी मी मनात केली आहे, ती लिहीत नाही.

दोन चाळीसला मी वहीत तेवीस लिहिलं. तीन वाजता त्या आकड्यापुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. तीन दहाला मला आठवायला लागलं की त्याच मिनिटाला समोरच्या खाटेवरचा माणूस खोकला होता, आणि मी बहुधा तिकडे पाहिलं होतं. पाहिलं होतं का, ते नक्की आठवत नाही. पण तसं आठवलेलं बरं वाटतं. बाकी सगळा रकाना इतका स्वच्छ आहे, शेपूट. सत्तेचाळीस मापनं, त्यात एक शिंक आणि हा एक आकडा. तो एवढा काढला की पान अगदी नेटकं दिसेल.

तू ये. वही घेऊन ये, नसली तरी ये. इथे मोजायला दुसरं कोणीतरी हवं आहे, जे माझ्या आकड्यावर मान डोलावणार नाही. एका घरात, एकाच बापाच्या हाताखाली वाढूनही तू माझ्याशी कधी सहमत झाली नाहीस. लहानपणापासून मी त्याची चेष्टा करत आलो.

पंपाची मला भीती वाटते, ती वाटायलाच हवी. पण त्याहून मोठी भीती ही आहे: पाच वाजता मोठी पिशवी लागण्याआधी मी तो तेवीसचा आकडा खोडेन, आणि खोडल्यावर मला बरं वाटेल.

दादा